भीड, लाज आणि भादलीचं स्टेशन

‘भीड भिकेची बहीण’ म्हणतात. पण भीड आणि सामाजिक भय यांत फरक करायला हवा. नवख्या माणसासमोर जीभ अडखळणे हा स्वभाव. लोक नावे ठेवतील या धास्तीने मुलाखत, लग्नकार्य, दुकानात भाव विचारणेही टळू लागले, की तो विकार. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात १९८० साली त्याला स्वतंत्र जागा मिळाली.

रावेर-यावलकडून भुसावळला शिकायला येणाऱ्या एखाद्या मुलीचा विचार करा. घरी ती केळीला ‘केयी’ म्हणते, डोळ्याला ‘डोया’. वर्गात उत्तर येत असते, पण हात वर करण्याआधी ती तो ‘ळ’ मनात घोळवते. तोवर प्रश्न पुढच्या बाकावर गेलेला असतो. ज्या बोलीची तिला लाज वाटते, त्याच बोलीत निरक्षर बहिणाबाई चौधरींनी गाणी रचली आणि १९५२ साली त्यांचे पुस्तक निघाले. हे तिला कुणीतरी सांगायला हवे. मात्र नुसत्या सांगण्याने भीती जात नाही.

ती का जात नाही, याचा उलगडा क्लार्क आणि वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली केला. घाबरलेल्या माणसाचे लक्ष समोरच्यावरून उडून स्वतःवर खिळते: आवाज कापतोय का, कान लाल झाले का? मग तो बचाव शोधतो. मान खाली घालतो, वाक्य पाठ करतो, मोजकेच बोलतो. प्रसंग सुखरूप पार पडला तरी श्रेय त्या बचावाला जाते. ‘ळ’ घोळवला म्हणून वाचले, असेच ती मुलगी समजते. न घोळवता बोलल्यावर कुणी हसते का, हे तिने कधी पडताळलेलेच नसते. माझ्या मते या विकाराचे मर्म इथे आहे.

म्हणून उपाय पडताळणीचाच. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात महिनाभर जात राहिले आणि सुमारे शंभर अनोळखी स्त्रियांशी बोलले. एकीने भेटीची वेळ दिली, तीही आली नाही. पण अनर्थ झाला नाही आणि त्यांची भीती ओसरली. पुढे १९५५ च्या सुमारास त्यांनी मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली. लाज मोडण्यासाठी एलिस लोकांना भर गाडीत स्टेशनांची नावे मोठ्याने पुकारायला सांगत.

भुसावळकराला रेल्वे स्टेशनाहून सोयीची प्रयोगशाळा कुठे मिळणार? आधी चौकशीच्या खिडकीवर प्लॅटफॉर्म विचारा. मग चहावाल्याकडे सुटे मागा. हे जमले की जळगावकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये वाटेतल्या स्टेशनाआधी ‘भादली आलं!’ म्हणून ओरडा. चार माना वळतील आणि पुन्हा मोबाइलात जातील. मात्र धडधड शमेपर्यंत तिथेच थांबा. मध्येच पळ काढला तर भीती आणखी घट्ट होते. एकट्याने झेपत नसेल, तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे. तिथे मराठीत बोलता येते, ‘ळ’ आला नाही तरी.