चित्रातला माळ

सोलापूरच्या आपल्या शाळेत निसर्गचित्र काढायला सांगितलं की आपण सगळे काय काढायचो? दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी आणि काठावर नारळाचं झाड. कवितेतही हिरवी झाडी आणि झुळझुळ झरे. आपल्या गावाभोवती होता तो उघडा माळ. तो मात्र कुणाच्याच वहीत नसायचा.

आठवीत, ऑक्टोबरातल्या वन्यजीव सप्ताहात, चित्रकलेच्या बाईंनी नान्नजचा माळढोक काढायला सांगितला. मी पक्ष्यामागे ऐटदार झाड काढलं. बाई म्हणाल्या, "अगं, हा उघड्यावर राहणारा पक्षी. आडोसा आला तर शत्रू त्याला दिसणार कसा? खोड ते झाड." झाड खोडलं. कागदावर उरलं पिवळं गवत आणि भलंमोठं आभाळ. खाली चार ओळींची कविता लिहायची होती. 'माळ'ला 'आभाळ' हे यमक आयतंच मिळालं!

त्या चित्रामागचा इतिहास मला पुढे वाचून कळला. बार्शी रस्त्यावर वीसेक किलोमीटरवर असलेल्या नान्नजच्या माळढोकांकडे सत्तरच्या दशकात सोलापूरचेच पक्षिमित्र बी. एस. कुलकर्णी यांनी अभ्यासकांचं लक्ष वेधलं. १९७९ साली सोलापूर-नगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य जाहीर झालं, तब्बल ८,४९६ चौ. कि.मी.चं. त्यात गावं, शेतं, रस्ते सगळंच आलं. जमिनीचे व्यवहार अडले आणि पक्षी लोकांना अडचण वाटू लागला. पुढे हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौ. कि.मी.वर आलं. माळढोक साधारणपणे एका वेळी एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर. माळ नांगरला गेला, कुत्री वाढली, विजेच्या तारा आल्या. आता नान्नजला एखाद-दुसरा माळढोक दिसला तरी बातमी होते.

मारुती चितमपल्ली हेही सोलापूरचेच. कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार', बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार' असे शब्द त्यांनी मराठीला दिले. २००६ साली सोलापुरात भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ज्याला नाव मिळतं त्याकडे नजर जाते, हे मला त्यांच्या लेखनातून उमगलं. माळाला मात्र आपण 'पडीक' हेच नाव देत आलो. पडीक म्हटलं की तो नांगरायला किंवा त्यावर झाडं लावायला आपण मोकळे.

बाईंनी त्या तासाला संवर्धन हा शब्दसुद्धा उच्चारला नव्हता. जे आहे ते नीट बघून काढा, एवढंच त्यांनी शिकवलं.

या मेळाव्यानिमित्त वृक्षारोपण करावं, अशी सूचना आपल्या ग्रुपवर आली आहे. जरूर करू या. शाळेच्या आवारात लावू, रस्त्याच्या कडेला लावू. माळावर मात्र नको. तिथलं झाड बाईंनी माझ्याकडून एकदा खोडून घेतलं आहे.