केसांची नीळ



मागच्या उन्हाळ्यात मी न्यू जर्सीला लेकीकडे तीन महिने राहून आले. मी पोचले तेव्हा घरात मायलेकींचा अबोला चालू होता. सतरा वर्षांच्या नातीने आपले काळेभोर केस ब्लीच करून सोनेरी करून घेतले होते, तेही आईला न विचारता. पार्लरमधून आली तेव्हा रंग छान दिसत होता म्हणे, पण महिन्याभरात केस जुन्या वर्तमानपत्रासारखे पिवळे पडले. नात माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आजी, टोनिंग शाम्पू आणायचाय. मम्मी येणार नाही, तू येतेस?" एकीची बाजू घेण्यापेक्षा दुकानात जाणे सोपे, म्हणून मी गेले.

दुकानात एक अख्खी फळी जांभळ्या बाटल्यांची. नातीने एक उघडून थेंबभर हातावर घेतला. मी म्हटले, "अगं, ही तर नीळ!" ती हसली. पण घरी येऊन वाचायला बसले, तेव्हा कळले की मी फारशी चुकले नव्हते.

माझी आई वडिलांचे अभिषेकाचे पांढरे धोतर-दुपट्टे धुतल्यावर शेवटच्या पाण्यात नीळ घालायची. लहानपणी मला वाटायचे, निळीने कपडा स्वच्छ होतो. तसे नाही. पिवळट कापड प्रकाशातला निळा भाग गिळते, म्हणून पिवळे दिसते. नीळ उरलेल्यातला पिवळा-तांबडा भाग गिळते. दोन्हींचा हिशेब जुळला, की डोळ्याला पांढरे वाटते. खरे तर कापड किंचित काळवंडलेलेच असते. पिवळेपणा जात नाही, तो झाकला जातो. मी कॉमर्सची, त्यामुळे जमा-खर्चाच्या भाषेत मला हे लगेच पटले.

ही नीळ घरोघर पोचली तीही एका किमतीमुळे. अल्ट्रामरीन हा निळा रंग पूर्वी अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडापासून करत, आणि तो सोन्याच्या तोलाचा. १८२४ मध्ये फ्रान्समधल्या एका संस्थेने ६,००० फ्रँकचे बक्षीस लावले : हाच रंग कृत्रिम रीतीने करा, पण किलोला ३०० फ्रँकच्या वर जाता कामा नये. १८२८ मध्ये गिमे नावाच्या फ्रेंच माणसाने ते जिंकले. चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा भट्टीत तापवून हा रंग होतो. म्हणजे आपल्या आयांची नीळ कोणत्याही जिवाला न दुखवता झालेली होती, हे वाचून मला बरे वाटले.

जांभळ्या रंगाची कथा वेगळी. १८५६ मध्ये लंडनला विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा मुलगा, सुट्टीत घरच्या प्रयोगशाळेत, दगडी कोळशाच्या डांबरातल्या पदार्थापासून हिवतापावरचे क्विनाईन करू पाहत होता. क्विनाईन झाले नाही, जांभळा रंग झाला. दोनच वर्षांनी व्हिक्टोरिया राणी लेकीच्या लग्नात त्या छटेचा पोशाख घालून गेली. कृत्रिम रंगांचा सारा धंदा तिथून सुरू झाला. शाम्पूतले आजचे जांभळे रंगही त्याच घराण्यातले.

आणि सोनेरी केस? हायड्रोजन पेरॉक्साइड १८१८ मध्ये थेनार या फ्रेंच शास्त्रज्ञाने शोधले. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात लंडनच्या एका रसायनतज्ज्ञाने आणि पॅरिसच्या एका केशभूषाकाराने त्याने केस उजळून दाखवले. १९३१ मध्ये अमेरिकेत जीन हार्लो या नटीचा 'प्लॅटिनम ब्लाँड' हा सिनेमा आला आणि पांढरट सोनेरी केसांचे वेड लागले. पण पेरॉक्साइड केसातला गडद रंग आधी काढते, तांबूस-पिवळा चिवटपणे मागे राहतो. केसाचा स्वतःचाही थोडा पिवळेपणा असतोच. तो झाकायला पुन्हा निळा-जांभळाच लागतो. गेल्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतल्या आजीबाई पिकलेल्या केसांना 'ब्लू रिन्स' करायच्या, तेही याचसाठी. हात जड झाला की केस निळे दिसायचे आणि लोक हसायचे.

तर निवड कशी करायची? केस फिके पिवळे असतील तर जांभळा शाम्पू. नारिंगी असतील तर निळा. आपले काळे केस ब्लीच केले की बरेचदा नारिंगीवरच थांबतात, तिथे जांभळा फारसे काम करत नाही. आठवड्यातून एकदा पुरे, पहिल्या वेळी दोन-तीन मिनिटेच ठेवायचा. ब्लीचने केस सच्छिद्र होतात, रंग पटकन पितात. जास्त झालाच तर साध्या शाम्पूने दोन-चारदा धुतले की उतरतो.

मी आणखी एक गोष्ट पाहिली. नातीला वास हवा होता, मी चष्मा लावून मागचे बारीक अक्षर वाचत होते. 'हायड्रोलाइज्ड केराटिन' लोकर, पिसे, खूर-शिंगे यांतून काढतात. 'सिल्क प्रोटीन' रेशमाच्या कोशातून. 'कार्माइन' किंवा 'सीआय ७५४७०' असेल तर तो किड्यांपासूनचा लाल रंग. 'सीआय ६०७३०' हा कृत्रिम जांभळा. केराटिन, रेशीम, कार्माइन यांतले काहीच नाही अशी तिसरी बाटली सापडली. नात म्हणाली, "आजी, तू मला केसांवरून काहीच बोलली नाहीस." मी म्हटले, "आपल्या माताजी दोन-चार महिन्यांनी केशलोच करतात, हातांनी केस उपटतात. त्यांच्यापुढे मी सत्तावीस वर्षे काळा रंग लावणारी, तुला काय बोलू?"

ते खरेच होते. साठी झाल्यावर मी रंग सोडला, आणि आता माझेही पांढरे केस ऊन, तेल आणि बोअरच्या पाण्याने पिवळट झाले आहेत. त्या संध्याकाळी नातीने मला न्हाणीघरात स्टुलावर बसवले. "आधी तुझ्यावर बघू." तिने शाम्पू लावायला घेतला, तेवढ्यात दारातून लेक म्हणाली, "अगं, किती वेळ ठेवणारेस? आजीचे केस पातळ आहेत, दोनच मिनिटं." आणि मोबाईलवर घड्याळ लावून तिथेच उभी राहिली. मग मायलेकींचे वाद सुरू झाले : पाणी गार की कोमट, आता धुवायचे की अजून थांबायचे. मी मान खाली घालून गप्प बसले. आठवड्यानंतर दोघी बोलत होत्या.

माझे केस थोडे पांढरे झाले, कानामागे जरा जांभळेही. ते पुढच्या न्हाण्याला गेले.