एसयूव्ही, सेरंगूनमधील : खरेदी, निगा व गंज

सिंगापूरच्या ईशान्येकडील सेरंगून या वस्तीत एसयूव्ही गाडी घेणे, ती सांभाळणे आणि तिचा पत्रा गंजापासून वाचवणे हा या नोंदीचा विषय. गंजरोधाचे जे ज्ञान मराठी घरांत फिरते ते बहुतांशी थंड प्रदेशातले असते. टोरोंटो, शिकागो, डेट्रॉइटकडचे नातलग ‘गाडी घेतलीस ना, मग आधी खालून कोटिंग मारून घे’ असे सांगतात आणि सिंगापूरचा विक्रेता तेच वाक्य आनंदाने पुढे चालवतो. सिंगापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला सव्वा-दीड अंशावर आहे. येथे बर्फ पडत नाही, रस्त्यावर मीठ पडत नाही, आणि गाडी भंगारात जाते ती बहुधा नोंदणीच्या कागदाची मुदत संपली म्हणून. पत्रा तेव्हा शाबूत असतो. त्यामुळे थंड देशांतले सल्ले येथे जसेच्या तसे लागू करू नयेत. काही तर उलटे पडतात.

सेरंगून हे नाव ‘रांगोंग’ या पाणथळीतल्या पक्ष्याच्या मलय नावावरून आले असे सामान्यतः मानतात. नवख्या मराठी माणसाचा येथे हमखास घोटाळा होतो. सेरंगून रोड म्हणजे लिटल इंडियातला रस्ता, जिथे टेक्का बाजार आहे आणि कढीपत्ता, नारळ, ताजे मासे मिळतात. सेरंगून वस्ती तिथून काही किलोमीटर पुढे. वस्तीतल्या एमआरटी (मेट्रो) स्थानकावर २००३ पासून ईशान्य मार्ग आणि २००९ पासून वर्तुळ मार्ग येऊन मिळतो. भोवती एचडीबी या सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या उंच इमारती आणि त्यांचे बहुमजली वाहनतळ. पलीकडे सेरंगून गार्डन्समध्ये बंगले आणि त्यांचे पोर्च. गाडी वाहनतळाच्या छपराखाली राहते, बंगल्याच्या पोर्चमध्ये, की रस्त्याकडेला झाडाखाली, यावर तिच्या पत्र्याचे आणि रंगाचे बरेचसे भवितव्य ठरते.

खरेदी : सिंगापुरात मोटारीपेक्षा मोटार बाळगण्याचा हक्क महाग पडतो. १ मे १९९० पासून वाहनांचा कोटा लागू आहे. नवी गाडी नोंदवायची तर ‘सर्टिफिकेट ऑफ एन्टायटलमेंट’, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला सीओई, बोली लावून मिळवावा लागतो. बोली महिन्यातून दोनदा होते आणि सीओईची मुदत दहा वर्षांची असते. फेब्रुवारी २०१८ पासून खासगी मोटारींच्या संख्येची ठरवून दिलेली वार्षिक वाढ शून्यावर आणली गेली. तेव्हापासून नव्या गाड्यांसाठीचे सीओई प्रामुख्याने जुन्या गाड्या मोडीत निघतात त्यातूनच उपलब्ध होतात.

एसयूव्ही असा वेगळा वर्ग कोट्यात नाही. इंजिन १,६०० घनसेंटिमीटरपर्यंतचे आणि शक्ती ९७ किलोवॅटपर्यंतची असेल तर गाडी ‘अ’ वर्गात, त्यापुढे ‘ब’ वर्गात. शक्तीची अट २०१४ मध्ये आली. विजेच्या गाड्यांसाठी ‘अ’ वर्गाची मर्यादा मे २०२२ पासून ११० किलोवॅट आहे. या रेषेखाली बसावे म्हणून कंपन्या मुद्दाम कमी शक्तीच्या आवृत्त्या आणतात. बीवायडी ॲटो ३ ही विजेवरची एसयूव्ही आधी १५० किलोवॅटची होती. पुढे ‘अ’ वर्गासाठी १०० किलोवॅटची आली. गाडी तीच, सीट तीच, डिकी तीच. शहराच्या वेगमर्यादेत फरक जाणवत नाही, हे ज्याला पटते त्याचे पैसे वाचतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘ब’ वर्गाचा सीओई १,५०,००१ सिंगापूर डॉलरवर गेला होता. नुसत्या कागदाचे.

हिशेब एकदा मांडून पाहावा. समजा एसयूव्हीची आयात किंमत, म्हणजे ओएमव्ही, ३०,००० डॉलर आहे. तिच्यावर २० टक्के अबकारी म्हणजे ६,००० डॉलर. या ३६,००० वर ९ टक्के जीएसटी, ३,२४० डॉलर. शिवाय ओएमव्हीवर एआरएफ हा नोंदणीकर टप्प्याटप्प्याने बसतो : २०२३ च्या दरांनुसार पहिल्या २०,००० वर १०० टक्के आणि पुढच्या २०,००० पर्यंत १४० टक्के, म्हणजे या गाडीला ३४,००० डॉलर. सीओई एक लाखाचा धरला तर बेरीज १,७३,२४० डॉलर होते. विक्रेत्याचा नफा यात नाही. डॉलरचे साठच रुपये धरले तरी रक्कम एक कोटीच्या पुढे जाते. पुण्यात ही गाडी ज्या पैशांत येते ते आठवू नये हे बरे. एआरएफ वरच्या टप्प्यांत ३२० टक्क्यांपर्यंत चढतो, म्हणून मोठी, आलिशान एसयूव्ही किमतीच्या प्रमाणातसुद्धा अधिक महाग पडते.

कर्जालाही लगाम आहे. ओएमव्ही २०,००० डॉलरपर्यंत असेल तर किमतीच्या ७० टक्के, त्यापुढे ६० टक्के, आणि फेड सात वर्षांत. भारतीय परवाना असलेल्या नवागताला ‘बेसिक थिअरी टेस्ट’ ही लेखी परीक्षा देऊन स्थानिक परवाना घेता येतो. वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने आणि स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे हाताला सवय करावी लागत नाही. सवय करावी लागते ती मागून कोणी हॉर्न वाजवत नाही याची.

गंज : लोखंडावर पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज चढतो. मीठ स्वतः गंज नव्हे. ते पाण्याला विजेचा चांगला वाहक बनवते आणि त्यामुळे ही विद्युत्‌-रासायनिक क्रिया झपाट्याने होते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असते. म्हणूनच रंगाखाली आधी फोड दिसतो, भोक नंतर पडते.

थंड प्रदेशात मीठ माणूसच आणून टाकतो. मिठाच्या पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. खाण्याच्या मिठाचे संपृक्त द्रावण उणे २१ अंशांपर्यंत द्रव राहते. न्यू हॅम्पशरने १९४१-४२ च्या हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकण्याचे धोरण स्वीकारले आणि पुढे अमेरिका-कॅनडाच्या बर्फाळ पट्ट्यात ती रीत झाली. हे खारे पाणी चाकांच्या कमानीत, दारांच्या तळाशी, ब्रेकच्या नळ्यांवर बसते. गंमत अशी की कडाक्याच्या थंडीत उघड्यावर उभी गाडी हळू गंजते, आणि उबदार गॅरेजमध्ये आणलेली लवकर, कारण तिथे बर्फ वितळते आणि रात्रभर पत्रा ओला राहतो. अशा ठिकाणी दर वर्षी तेलाचा फवारा मारून घेणे, पोकळ भागांत मेण भरणे, हिवाळ्यात तळ धूत राहणे हे सगळे योग्यच.

मुंबईची गोष्ट निराळी. तिथे मीठ समुद्रावरून वाऱ्याबरोबर येते आणि पाऊस चार महिने पत्रा सुकू देत नाही. प्रीमियर पद्मिनीचा तळ आणि मडगार्ड कुजणे हे टॅक्सीवाल्यांच्या रोजच्या रडगाण्यातले होते. पत्रा कापून नवा जोडायचा, वर लांबी भरायची, रंग मारायचा आणि पुन्हा धंद्याला लागायचे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. तिलाही वीस वर्षांच्या वयोमर्यादेने उतरवले.

सेरंगूनमध्ये पाणी भरपूर आणि मीठ नगण्य. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, हवेतील सरासरी आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर, पहाटे तर नव्वदीच्या पुढे. मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला स्वतःहून पाझरते, म्हणजे येथे पत्र्यावर मीठ असते तर ते जवळजवळ रोज रात्री ओले झाले असते. पण समुद्रावरून येणारे क्षार किनाऱ्यापासून काहीशे मीटरांतच झपाट्याने कमी होतात आणि वस्ती आतल्या बाजूला आहे. ईस्ट कोस्टला समुद्रासमोर राहणाऱ्याने थोडी अधिक काळजी घ्यावी. त्यात आजच्या गाड्यांचा बहुतेक पत्रा जस्ताचा थर दिलेला असतो आणि सगळा सांगाडा विद्युत्‌लेपाच्या हौदात बुडवून काढलेला असतो. जस्त आधी स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. दहा वर्षांच्या आयुष्यासाठी हे संरक्षण पुरेसे आहे. शोरूममध्ये वर विकले जाणारे अंडरबॉडी कोटिंग सेरंगूनकराने घेऊ नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. डांबरी कोटिंगला तडा गेला की पाणी आत शिरते आणि अडकते. निष्काळजीपणे मारलेला फवारा दारांच्या तळची निचऱ्याची छिद्रे बुजवतो. गंज टाळण्यासाठी पैसे मोजून गंजाची सोय केल्यासारखे होते.

येथला खरा गंज आतून येतो. एसी दिवसभर चालतो आणि त्याचे पाणी एका बोटभर रबरी नळीने गाडीखाली गळते. नळी धुळीने तुंबली की पाणी डॅशबोर्डखालून गालिच्यात उतरते. वर काही दिसत नाही. काचेवर सकाळी आतून धुके धरते, गाडीत ओल्या पायपोसासारखा वास येतो, डावीकडच्या पायाजवळ गालिचा दाबला की बोटे ओली होतात. एसयूव्हीला मोठे काचेचे छप्पर असेल तर दुसरी वाट तयार. त्या छपराच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या खांबांमधून खाली येतात. सिंगापूरच्या रस्त्यांवर वर्षावृक्षांची छत्री आहे, मुंबई-पुण्याच्या जुन्या रस्त्यांवर आहे तीच. त्याची चिमुकली पाने या नळ्यांत जाऊन बसतात आणि पावसाचे पाणी छताच्या अस्तरातून ठिबकते. याला इलाज कोटिंगचा नाही. सहा महिन्यांनी चारही कोपऱ्यांत कपभर पाणी ओतावे आणि ते गाडीखाली पडते का ते वाकून पाहावे.

पावसाच्या रात्रीनंतर ब्रेकच्या तबकड्यांवर नारिंगी थर दिसतो तो पाहून घाबरू नये. पहिल्या दोन-चार ब्रेकांत पुसला जातो. पंधरा-वीस दिवस गाडी हलवलीच नाही तर मात्र खड्डे पडू शकतात. सुटीवर भारतात जाणाऱ्याने किल्ली शेजाऱ्याकडे ठेवावी.

निगा : बॅटरी थंडीत दगा देते अशी ख्याती आहे, पण तिचे आयुष्य खाते ते ऊन. येथे दोन-तीन वर्षांत ती बदलावी लागली तर नवल नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणून दमट हवेत दोन वर्षांनी बदलण्याचा नियम गांभीर्याने पाळावा. एसीची ‘कूलिंग कॉइल’ गळू लागणे हे सिंगापुरी गॅरेजांचे नेहमीचे काम. ती काढायला बहुधा अर्धा डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि बिल मजुरीचेच जास्त होते. पक्ष्यांची विष्ठा आणि झाडांचा चीक उन्हात रंगात मुरतात. एचडीबीच्या काही वाहनतळांत गाडी धुण्याची जागा असते, तिचा उपयोग करावा. कामासाठी सिन मिंग, उबी, काकी बुकित येथे गॅरेजांच्या रांगा आहेत. तीन वर्षांनंतर दर दोन वर्षांनी आणि दहा वर्षांनंतर दर वर्षी अधिकृत तपासणी सक्तीची.

थंड हवा खायची तर कॉजवे ओलांडून मलेशियात कॅमेरन हायलँड्सला जाता येते. तिथे धुके आणि पाऊस असतो, मीठ नसते. सिंगापूर सोडताना पेट्रोलची टाकी किमान तीनचतुर्थांश भरलेली असावी लागते. नसेल तर दंड.

जुनी गाडी : येथे वापरलेल्या गाडीची किंमत वर्षागणिक घसाऱ्यात बोलली जाते, ‘डेप्रिसिएशन किती?’ हा पहिला प्रश्न. दहा वर्षांच्या आत नोंदणी रद्द केली तर एआरएफचा काही भाग परत मिळतो, त्याला पार्फ म्हणतात; फेब्रुवारी २०२३ च्या अर्थसंकल्पाने त्यावर ६०,००० डॉलरची कमाल मर्यादा घातली. पुढे चालवायची तर सीओईचे पाच किंवा दहा वर्षांसाठी नूतनीकरण होते. मात्र मग पार्फ बुडते, पाच वर्षांचे नूतनीकरण पुन्हा करता येत नाही आणि रस्ताकर दर वर्षी दहा टक्क्यांनी वाढत पन्नास टक्के अधिभारापर्यंत जातो. नूतनीकरण केलेली गाडी घेणाऱ्यानेच गंजाची तपासणी मनावर घ्यावी. गालिचा उचलावा, स्टेपनीचा खड्डा पाहावा, सीटचे बोल्ट पाहावेत. रंगावर चुंबक फिरवावा. जिथे धरत नाही तिथे लांबी भरलेली असण्याची शक्यता मोठी, पण आधी तो भाग ॲल्युमिनियमचा किंवा प्लॅस्टिकचा नाही याची खात्री करावी. सप्टेंबर २०१२ पासून लागू असलेला ‘लेमन लॉ’ विक्रेत्याकडून घेतलेल्या जुन्या गाडीलाही लागू आहे. सहा महिन्यांत दिसलेला दोष विक्रीच्या वेळीच होता असे धरले जाते आणि तसे नव्हते हे विक्रेत्याला सिद्ध करावे लागते.

महाराष्ट्रात खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची, आणि पुढे पर्यावरण कर भरून व तपासणी करून ती चालू ठेवता येते. त्यामानाने सेरंगूनची दहा वर्षांची गाडी तरुणच. तिचा तळ कोरडा, दारे घट्ट बंद होणारी, रंगाला चमक. नोंदणी रद्द झाल्यावर ती ठरलेल्या मुदतीत मोडीत काढावी लागते किंवा निर्यात करावी लागते, आणि अनेक गाड्या उजव्या स्टिअरिंगच्या इतर देशांत जाऊन पुन्हा चालू लागतात. भारतात ती आणता येत नाही : आयात होणारी वापरलेली मोटार तीन वर्षांहून जुनी चालत नाही.