बंगला आणि महारवाडा

पिंपरीच्या आमच्या कामगार वसाहतीत माझ्या भिंतीला भिंत लावून एक ख्रिस्ती कुटुंब राहते. आम्ही दोघेही मूळचे अहमदनगर जिल्ह्यातले (२०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर), आणि दोघांचेही पूर्वज महारवाड्यातले. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ नंतर औद्योगिक विकास महामंडळाने पट्टाच्या पट्टा कारखान्यांना दिला, तेव्हा दुष्काळी भागातली आमच्यासारखी माणसे ट्रंका घेऊन इकडे आली. त्यांच्या भिंतीवर येशू, माझ्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. नाताळच्या करंज्या इकडे येतात, चौदा एप्रिलची खीर तिकडे जाते.

शेजारच्या आजी आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांची आजी नगरकडच्या एका मिशन बंगल्यात आया होती. ओट्यावर बसून त्या हे सांगत, आणि मी मिशनचा इतिहास वाचत असे. दोन्ही जुळवू लागलो तेव्हा माझी गोची झाली.

आपल्या चळवळीत मिशनऱ्यांविषयी दोन तऱ्हेचे बोलणे ऐकू येते. एक, ते देवदूत होते. दोन, ते साम्राज्याचे दलाल होते. दोन्ही मते सोयीची आहेत, कारण दोन्हींत त्या माणसांच्या घरात डोकावण्याची गरज पडत नाही.

डोकावले तर काय दिसते? अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून नगरला होते. तिथल्या ह्यूम घराण्याकडे पाहा. रॉबर्ट विल्सन ह्यूम आणि त्यांची पत्नी हॅना १८३९ मध्ये मुंबईत उतरले. पंधरा वर्षांनी प्रकृती ढासळली म्हणून ह्यूम मायदेशी निघाले आणि १८५४ मध्ये जहाजावरच वारले. त्यांना समुद्रातच मूठमाती मिळाली. मागे विधवा आणि लहान मुले. त्यांतलाच एक मुलगा, रॉबर्ट अ‍ॅलन, मुंबईत १८४७ मध्ये जन्मलेला, शिकून १८७४ मध्ये पुन्हा इकडेच आला आणि अर्धशतकाहून अधिक काळ नगरचा होऊन राहिला. त्यांची दुसरी पत्नी केटी ही वडाळ्याच्या फेअरबँक मिशनऱ्यांची मुलगी. ह्या फेअरबँकांना नगरच्या बॅलेंटाइन मिशनऱ्यांची मुलगी दिलेली. म्हणजे सोयरीक जातीतच! आम्हांला जात मोडा सांगायला आलेल्या माणसांचीही एक लहानशी जात इथे तयार झाली होती, हे लिहिताना मला हसू येते. पण परक्या मुलखात दहा-वीस घरे असली की दुसरे काय होणार?

त्यांचा दिनक्रम घड्याळाचा. सकाळी घरची प्रार्थना, नोकरमाणसेही तिला बसत. मग शाळा, औषध मागायला आलेली माणसे, पत्रे, हिशेब. थंडीत तंबू आणि बैलगाडी घेऊन गावोगावचा दौरा. उन्हाळ्यात मुले आजारी पडू लागली की महाबळेश्वर. त्यांच्या श्रद्धेची खरी परीक्षा मुलांच्या बाबतीत होई. काही इथेच पुरली जात. जगलेली शिक्षणासाठी अमेरिकेला धाडली जात आणि आईबापांना वर्षानुवर्षे दिसत नसत. मिशनऱ्यांच्या मुलांसाठी कोडाईकनालला शाळा निघाली ती १९०१ मध्ये. हे दुःख खोटे नव्हते, आणि त्याला दुःख म्हणण्यात आपले काही कमी होत नाही.

आता आजींची बाजू ऐका. बंगल्यातली पोरे आधी मराठी बोलत, मग इंग्रजी. रात्री दचकून उठली की आयेला हाक मारत. आयेचे स्वतःचे पोर मात्र महारवाड्यात तिच्या सासूपाशी असे. गावच्या विहिरीवर जिची सावली चालत नसे, तिच्या हातचे पाणी गोऱ्या बाईचे लेकरू पीत असे. “आमच्या आजीला तिथं पहिल्यांदा कळलं की आपला हात विटाळत नाही,” असे ह्या आजी सांगत. मला वाटते, हे कळणे बाप्तिस्म्याच्या आधीचे धर्मांतर होते. पण मुले बोटीने गेल्यावर बाई रडल्या ते पत्रांतून अमेरिकेला कळले. आयाही रडली, ते फक्त ह्या ओट्यावर कळते. तिला नाव होते, ते आजींना आठवत नाही. सगळे तिला आयाच म्हणत.

श्रद्धेच्या बाबतीत रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम यांची एक हकीकत सांगण्याजोगी आहे. १८८६ मध्ये ते अमेरिकेत रजेवर होते. अँडोव्हरच्या सभेत त्यांनी असा विचार मांडला की ज्यांच्या कानी ख्रिस्ताचे नाव कधी पडलेच नाही, त्यांना मृत्यूनंतरही देव संधी देईल, असे मानायला जागा आहे. झाले! बोर्डाने त्यांना परत धाडायला टाळाटाळ केली. वाद झाला आणि १८८७ मध्ये अखेर ते परतले. नगरच्या मातीत एवढी वर्षे काढल्यावर समोरच्या माणसाचे आजे-पणजे सरसकट नरकात गेले असे सांगायला ह्या माणसाची जीभ रेटेना, असा मी ह्याचा अर्थ लावतो. शिकवायला आलेला इथे काही शिकलाही.

मात्र बंगल्यातला माणूस कितीही मऊ असला तरी निर्णय बोस्टनला होत. बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये इकडे येऊन गेले आणि मिशनच्या इंग्रजी शिक्षणाला कात्री लागली. बायबल वाचण्यापुरती मराठी पुरे, असा त्यामागचा हिशेब. कचेरीचे दार ज्या भाषेने उघडते ती भाषा महारांच्या पोरांपासून अशी लांब गेली. आणि ह्याच नगरात सिंथिया फॅरारबाईंची मुलींची शाळा पाहून जोतीरावांना पुण्यात शाळा काढण्याची प्रेरणा झाली, हेही विसरून चालणार नाही. एकाच मिशनच्या ह्या दोन गोष्टी.

चर्चच्या आत काय झाले? नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला आणि लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. विटाळाची कल्पना आपल्या मनातून कशी गेली हे त्या प्रांजळपणे सांगतात. त्या पुस्तकाविषयी मला आदर आहे. पण त्याच चर्चमध्ये त्यांच्या आधी आलेल्या शेकडो महारांचा बाप्तिस्मा नोंदवहीतल्या एका ओळीचा धनी झाला. बाबासाहेबांनी धर्मांतरित ख्रिस्त्यांच्या स्थितीवर लिहिताना मिशनच्या शाळा-दवाखान्यांची दखल घेतली, आणि जात चर्चमध्येही टिकली ह्यावरही नेमके बोट ठेवले.

बंगले गेले, मिशनरी गेले. मागे राहिला तो १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश. त्यात अनुसूचित जाती फक्त हिंदूंपुरत्या धरल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आजही बाहेर. शेजारच्या आजींच्या नातवाने आणि माझ्या मुलीने एकाच वर्षी एकाच नोकरीसाठी अर्ज भरले. दोघांचे खापरपणजे एकाच वेशीबाहेर मेलेली जनावरे ओढत होते. माझ्या मुलीच्या अर्जाला अनुसूचित जातीचा दाखला जोडला. तो पोरगा आमच्याच टेबलावर अर्ज भरत होता. त्या रकान्याशी त्याचे पेन थांबले. त्याने माझ्याकडे पाहिले, आणि मी चहा ठेवायला उठलो.