उचलणें आणि सांवरणें

नगर शहरास लागून असलेल्या भिंगारच्या छावणीस रणगाड्यांचा खडखडाट परिचयाचा आहे. १९४८ पासून चिलखती दलाचें शिक्षणकेंद्र याच परिसरांत आहे. आतां अहिल्यानगर हें नांव धारण केलेल्या या शहराजवळच लष्करी वाहनांचें संशोधन करणारी शासकीय संस्थाहि आहे. जमिनीवर धांवणाऱ्या वाहनांचा विचार करणाऱ्या या संस्थेनें बंगळूरच्या दोन संस्थांसह विमानाचें इंजिन घडविलें. ५ एप्रिल २००९ रोजीं कोलार येथें ‘निशांत’ हें वैमानिकरहित विमान, म्हणजेच ड्रोन, सुमारें ३० किलो वजनाच्या त्या इंजिनाच्या बळावर उडालें.

परंतु निशांतास उडण्यासाठीं मालमोटारीवरील रुळावरून फेंकावें लागे, आणि उतरण्यासाठीं हवाई छत्री लागे. डोंगराच्या घळींत ही सोय कोठून असणार? तेथें जागच्या जागीं वर चढणारें यंत्रच हवें. अशा यंत्राची कथा मात्र बरीच जुनी आहे.

१९०७ सालीं फ्रान्समध्यें ब्रेगे बंधूंनीं चार पंख्यांचें यंत्र माणसासह जमिनीपासून सुमारें दोन फूट उचललें. तथापि चार कोपऱ्यांना चार माणसें तें धरून उभीं होतीं! बळ होतें, तोल नव्हता.

तोल इतका अवघड कां? पंखे चार, परंतु हालचाली सहा: वरखालीं, मागेंपुढें, डावीउजवीकडे सरकणें, आणि तीन अक्षांभोवतीं कलणें व वळणें. पुढें जाण्यासाठीं मागील पंखे जलद फिरवून यंत्र कलवावें लागतें. तें कललें कीं वर उचलणारें बळ घटतें. तें भरून काढण्यास चारही पंख्यांचा वेग वाढवावा लागतो. इतक्यांत वाऱ्याची झुळूक आली, कीं सारा हिशेब पुन्हा मांडणें आलें. म्हणून शास्त्रज्ञ प्रथम वजन, आकार व पंख्यांचा जोर यांचीं समीकरणें मांडून यंत्राची गणिती प्रतिकृति सिद्ध करतात. मग उड्डाणांत सूक्ष्म मापक कल मोजतात आणि संगणक सेकंदास शेंकडों वेळां चूक सुधारतो. फ्रान्समधील त्या चौघांच्या हातांचें काम आतां हें गणित करतें.

बरोबर शंभर वर्षांनीं, २००७ सालीं, मुंबईच्या आय.आय.टी.च्या माजी विद्यार्थ्यांनीं ‘आयडियाफोर्ज’ ही कंपनी स्थापिली. तिनें पुण्याच्या संरक्षण संशोधन संस्थेसह घडविलेलें ‘नेत्र’ हें चार पंख्यांचें यंत्र २०१३ च्या उत्तराखंडांतील जलप्रलयांत अडकलेल्या माणसांच्या शोधास उपयोगी पडलें. केवळ पंख्यांवर तरंगण्यास शक्ति फार खर्च होते. म्हणून तिच्या ‘स्विच’ या यंत्रानें सरळ वर चढून नंतर विमानाप्रमाणें पंखांवर विहरण्याची युक्ति साधली. २०२१ सालीं लष्करानें त्याची मागणी नोंदविली.

इंजिनाचें बळ यंत्रास वर नेतें, हें खरें. परंतु दरडीआड अडकलेल्या माणसास शोधून काढतें तें वाऱ्यांतहि स्थिर राहणारें यंत्रच.