‘वॉटर’ आणि आमच्या घरातलं आलवण

दीपा मेहतांचा ‘वॉटर’ मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा आई शेजारी बसली होती. चुइयाचं, त्या आठ वर्षांच्या विधवा पोरीचं, डोकं भादरतात तो प्रसंग आला आणि आई एवढंच म्हणाली, "आमच्या आतेआजीचं असंच केलं होतं."

आतेआजीचा एकही फोटो घरात नाही. तांबडं आलवण, पदराखाली बोडकं डोकं आणि मागच्या पडवीतली वेगळी चूल, एवढंच आईला आठवतं. नाव विचारलं तर म्हणाली, "सगळे आतेच म्हणायचे." मला हे त्या चित्रपटापेक्षा जास्त लागलं.

‘वॉटर’ची गोष्ट १९३८ सालच्या वाराणसीतल्या एका विधवाश्रमाची. २००० सालच्या जानेवारीअखेर तिथे चित्रीकरण सुरू होणार होतं. पटकथेला केंद्र सरकारची परवानगी होती. शबाना आझमी आणि नंदिता दास यांनी भूमिकेसाठी डोकी भादरून घेतली होती. पण हिंदू संस्कृतीची बदनामी होते म्हणून जमावाने सेट मोडला, सामान गंगेत फेकलं आणि राज्य सरकारने काम थांबवलं. पुढे सीमा बिस्वास, लिसा रे असे नवे कलाकार घेऊन श्रीलंकेत, दुसऱ्याच नावाखाली तो गुपचूप पुरा झाला. २००५ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला, भारतात लागला मार्च २००७ मध्ये. त्याच वर्षी ऑस्करच्या नामांकनात होता, पण कॅनडाचा म्हणून!

मला प्रश्न पडतो तो असा, की बदनामी नेमकी कशाने झाली? दाखवल्याने, की केल्याने?

आपल्या मराठी माणसांनी तर हे एकोणिसाव्या शतकातच उघड बोलून ठेवलं आहे. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, पण नुसत्या कायद्याने घरं बदलली नाहीत. १८६३ मध्ये जोतिबा आणि सावित्रीबाईंनी पुण्यात राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि पुढे एका ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९ चं. तिथेच शिकलेल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये लग्न केलं, तर मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांना वाळीत टाकलं.

आणि मला सर्वांत आवडणारी गोष्ट १८९० ची. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी ठरवलं, की विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. शास्त्रार्थ करणारे वाद घालत राहिले, पण ज्याच्या हातात वस्तरा होता तोच नाही म्हणाला! यातलं कोणीही संस्कृतीचं वैरी नव्हतं. आपल्याच घरातली घाण आपण काढावी, एवढंच त्यांचं म्हणणं.

आम्हा गोंयकारांना आपल्या नागरी कायद्याचा अभिमान असतो. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवऱ्यामागे अर्धी मालमत्ता बायकोची स्वतःची राहते. मी कारकून माणूस, असे कागद रोज बघतो. वडील गेले तेव्हा आईचीही सही अशाच कागदांवर झाली. अर्ध्या घराची ती मालकीण.

त्याच वर्षी मकरसंक्रांतीनंतर घरी हळदीकुंकू होतं. कोणी काही सांगितलं नव्हतं. बायका यायला लागल्या तशी आई आपणहून आतल्या खोलीत गेली आणि दार ओढून घेतलं. मीही गप्प राहिलो. आश्रमाच्या भिंती वाराणसीतच असतात असं थोडंच आहे?

यंदा माझ्या बायकोने तिला हाताला धरून बाहेर आणलं. कुंकू आईने लावून घेतलं नाही. पण तिळगूळ घेतला, वाण घेतलं आणि शेवटची बाई जाईपर्यंत बाहेर बसून राहिली.

आतेआजीचं नाव मात्र अजून सापडलेलं नाही. गावच्या घरातल्या जुन्या पेटीतले कागद या चवथीला काढायचे ठरवलं आहे.