जुना डिझेल ट्रक आणि ‘पाचव्या चाका’चे घर

निवृत्तीनंतर राहते घर विकून चाकांवरच्या घरात राहू लागणारी जोडपी अमेरिकेत थोडी नाहीत. उन्हाळा उत्तरेकडील राज्यांत, हिवाळा ॲरिझोनाच्या वाळवंटात, असे त्यांचे वर्ष सरते. त्यांतील अनेकांची पसंती ‘फिफ्थ व्हील’ ट्रेलरला असते. घोडागाडी वळावी म्हणून तिच्या पुढच्या आसावर एक आडवे चाक बसवीत. ते पाचवे चाक. नाव तिथून आले. न्हावा शेवा बंदरातून कंटेनर नेणाऱ्या ट्रेलरची जोडणीही याच तत्त्वावरची. पिकअप ट्रकच्या हौद्यात, मागच्या आसाच्या वर ट्रेलरची खुंटी अडकते. बंपरमागे जोडलेल्या ट्रेलरपेक्षा हा कमी डुलतो.

नव्या ट्रक-ट्रेलरचा खर्च एक लाख डॉलरच्या पुढे सहज जातो. साहजिकच पुष्कळजण जुन्या बाजाराकडे वळतात आणि बहुधा एकाच ठिकाणी चुकतात. जाहिरातीत ट्रक किती ओढतो हे ठळक छापलेले असते. तो अंगावर किती वाहतो, हे चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर बारीक अक्षरांत. फिफ्थ व्हीलचा सुमारे पंचमांश भार थेट ट्रकवर पडतो. ट्रेलर भरल्यावर १२,००० पौंडांचा (सुमारे ५,४०० किलो) झाला, तर ट्रकच्या वाट्याला २,४०० पौंड येतात. त्यात हिच, दोन माणसे, अवजारे, कुत्रा! ‘पाऊण टनी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अनेक डिझेल ट्रकांची वहनक्षमता येथेच संपते. डिझेल इंजिन स्वतःच जड असल्याने त्याच मॉडेलच्या पेट्रोल ट्रकपेक्षा ही क्षमता कमी भरते, हे ग्राहकाला सहसा कोणी सांगत नाही. म्हणून ट्रेलर आधी ठरवावा, ट्रक नंतर. बहुतेकजण नेमके उलट करतात.

इंजिनाच्या बाबतीत साल महत्त्वाचे. फोर्डचे २००३ ते २००७ दरम्यानचे ६.० लिटर इंजिन हेड गॅस्केट आणि ऑइल कूलरच्या बिघाडांसाठी बदनाम आहे. जनरल मोटर्सच्या २००१ ते २००४ च्या ड्युरामॅक्समध्ये इंजेक्टर दगा देत. ते झाकणाखाली दडलेले असल्याने मजुरी भारी पडते. डॉज ट्रकमधील ५.९ लिटर कमिन्स इंजिनाचा लौकिक मोठा. मात्र १९९८ ते २००२ च्या इंजिनांचा इंधन पंप तपासून घ्यावा. २००७ पासून धुरातील काजळी अडवणारे फिल्टर आले. ते काढून टाकलेले ट्रक बाजारात सर्रास भेटतात. असे करणे अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याविरुद्ध आहे आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्यात तपासणीत ते अडकते. इंजिन थंड असतानाच ट्रक पाहायला जावे. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवले असेल, तर सकाळी सुरू होतानाची कुरकुर लपते.

ट्रेलरचा शत्रू पाणी. छताच्या सांध्यातून झिरपलेले पाणी भिंतीतील लाकूड वर्षानुवर्षे कुजवते आणि बाहेरून फक्त फायबरग्लासवर एखादा फुगवटा दिसतो. कोपरे, खिडक्यांखालची जागा आणि बाहेर सरकणाऱ्या खोलीची जमीन हाताने दाबून पाहावी. मऊ लागल्यास परत फिरावे. नवा रंग, नवे पडदे यांना भुलू नये. टायरवरील ‘डॉट’ क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचावेत: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांचे टायर बदलण्याचा खर्च किमतीत धरावा.

ट्रकचा हौदा आठ फुटांऐवजी साडेसहा फुटांचा असेल, तर अरुंद वळणावर ट्रेलरचा कोपरा केबिनची मागची काच फोडू शकतो. मागे सरकणारे हिच त्यावर उपाय आहे. परवान्याचे नियम राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात १५,००० पौंडांपेक्षा जड फिफ्थ व्हीलला वेगळ्या वर्गाचा परवाना लागतो.

महामार्गावरील ट्रक थांब्यांवर वजनकाटे असतात. थोड्या डॉलरांत पुढच्या आसाचे, मागच्या आसाचे आणि ट्रेलरचे वजन वेगवेगळे छापून मिळते. पाण्याची टाकी भरून, सामान लादून ही फेरी पैसे चुकते करण्यापूर्वीच मारावी.